खुर्चीचा नंबर डोअरकीपरच्या हातात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि त्या बिचाऱ्याला तर मी स्वप्नातली भांडणंसुद्धा सकाळी उठून सांगायची.

तेव्हा मी चाळिशीची, बेलापूरच्या एका ऑफिसात डिझायनर. गळ्यात मोठ्या मण्यांची माळ, चष्मा डोक्यावर, आणि तोंडात सतत 'व्हाइट स्पेस'. काय ती बाई! आज घरी आली तर चहासुद्धा विचारणार नाही मी तिला.

वाशीतल्या एका नाट्यगृहाचं तिकीट नव्यानं करायचं होतं. सोबत त्यांची जाडजूड नियमपुस्तिका — रंग हेच, अक्षर हेच, लोगोच्या चारी बाजूंना इतकी जागा मोकळी, तिथे टिंबही चालणार नाही. आणि तिकीट केवढं? तळहाताएवढं. मग नाटकाचं नाव, वेळ, रांग, खुर्ची हे सगळं बसवायचं कुठे? मी खुर्चीचा नंबर उचलला आणि उजव्या टोकाला नेला. टिंबांच्या रेघेपलीकडे. जो तुकडा डोअरकीपर फाडून स्वतःकडे ठेवतो ना — त्यावर. फक्त त्यावर.

तुम्हाला कळलं? मला नाही कळलं. सगळं नियमात बसलं म्हणून मी स्वतःवरच खूश.

कळलं ते युनूसभाईंना. मूळचे उरणकडचे, तुर्भ्याला छोटी प्रेस. प्रूफ घेऊन स्वतः आले. नंबरभोवती पेन्सिलीनं गोल केलेला. "ताई, हा तर दारातच फाडला जाणार. माणूस बसणार कुठं, तुमच्या लोगोवर?" ऑफिसातली मंडळी हसली. ती हसली नसती तर मी ऐकलं असतं का? — नाही, उगाच म्हणतेय. नसतंच ऐकलं. "तुम्ही छापा, डिझाइन आमच्यावर सोडा," मी म्हणाले आणि सही ठोकली. सहीचं ते प्रूफ माझ्याच कपाटात राहिलं. त्यांनी मागितलंही नाही. माझ्या शब्दावर छापलं.

रविवारी दुपारचा प्रयोग, हाउसफुल्ल. कुणालाच आपली खुर्ची माहीत नाही. काठी टेकत आलेले म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या बाया — सगळे हातात सुंदर लोगो घेऊन उभे. पडदा पाऊण तास उशिरा वर गेला.

सोमवारी मी लवकर ऑफिसात गेले. कॉम्प्युटरवरची फाइल बदलली — रेघ नंबरच्या पलीकडे सरकवली. पेन्सिलीचा गोल असलेलं प्रूफ काढलं आणि बारीक बारीक फाडलं. वाईट वाटलं का? आठवत नाही. बहुतेक नाही.

दुपारी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मी म्हणाले, रेघ प्रेसमध्ये सरकली. किती सहज म्हणाले! युनूसभाई माझ्याकडे वळले. "ताई, तुमी सांगा ना. गोल केलेला मी." मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय लिहीत होते — ओळी मारत होते नुसत्या.

त्यांचं ते काम गेलं. मग कामात हलगर्जी असं नाव झालं, बाकीची कामंही गेली. वर्षभरात प्रेसला कुलूप. मला त्याच नाट्यगृहानं लेटरहेडचं काम दिलं. मी घेतलं.

इथवर भित्रेपणा म्हणाल. पण पुढच्याला काय म्हणाल? मी त्याचा किस्सा केला. पाहुणे आले की रंगवून सांगायची — प्रेसवाल्यानं रेघ कशी चुकवली, अख्खं थेटर कसं उभं राहिलं. युनूसभाईंचा आवाज काढून, त्यांची मान हलवून. वर्षानुवर्षं. सगळे खूप हसायचे.

परवा नातीच्या मैत्रिणी आल्या होत्या. नात म्हणाली, "थांब आजी, आज मी सांगते." माझ्याहून छान सांगितला तिनं, त्यांचं नाव घेऊन, मान हलवून. पोरी हसून लोळल्या. त्यातल्या एकीनं डोळे पुसत विचारलं, "आजी, खरंच एवढा बावळट होता तो माणूस?"

"अगदी," मी म्हणाले.