गोविंदाचा आवाज

हे माझ्या बायकोच्या कानावरही कधी गेलं नाही. आज ती नाही, गोविंदाही नाही — मी तेवढा टुणटुणीत आहे. ऐकायचं तर ऐका.

आमच्या केनवडला पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले, की झडत्या व्हायच्या. एकानं चारचौघांत दणक्यात कवन फेकायचं, दुसऱ्यानं तोडीस तोड म्हणायचं. त्यात गोविंदाचा हात धरणारा कोणी नव्हता. माझं शेत त्याच्या धुऱ्याला लागून, वयानं मी मोठा. झडतीत मात्र कायम दुसरा. त्याच्या उत्तरावर गाव खो-खो हसायचं — माझ्यावर. तो मुद्दाम करायचा का? नाही हो. तेच जास्त झोंबायचं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात वखर हाकताना त्याच्या छातीत कळ आली. वाशीमच्या डॉक्टरांनी हार्टचा झटका सांगितला, खाटेवर ठेवलं. पुढे पुन्हा तपासायला मीच त्याला बैलांच्या दमणीत घालून नेलं. शेजारधर्म! तो आत सदरा घालत होता, तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले — धोका टळला आहे. हळूहळू शेतात जाऊ द्या, बोलू द्या, हसू द्या. याला आता आजारापेक्षा भीतीच जास्त खाते आहे, ती घालवा.

आणि मी?

दमणीत बसल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हने डाक्तर?"

मी बैलांकडे बघत म्हटलं, "आवाज चढवू नोको म्हने. दुसरा झटका आला त मानूस वाचत नाई."

एवढंच. एवढं पुरलं.

तेव्हापासून तो कुजबुजू लागला. हसू आलं की तोंड दाबायचा. आडवं पडलं की छाती धडधडते म्हणून भिंतीला टेकून झोपायचा. त्याची बायको रडकुंडीला येऊन विचारायची, "अवो, असं काहून करून राह्यले?" मला दया आली? छे. मी रोज जाऊन बसायचो आणि म्हणायचो, "आज तोंड उतरलं रे तुयं." त्याचा हात झटकन छातीवर जायचा. ते बघायला मला आवडायचं — खोटं कशाला बोलू, आवडायचं.

पोळा आला. मी झडती फेकली. समोर गोविंदा कासरा धरून उभा. उत्तर त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, मानेची शीर फुगली. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मी नुसता माझा हात माझ्या छातीवर ठेवला.

त्यानं तोंड मिटलं. लोकांनी मला उचलून घेतलं.

संध्याकाळी तो घरी येऊन माझ्या पाया पडला. कानाशी पुटपुटला, "तुमच्यामुयेच जित्ता हाओ, भाऊ."

मी बायकोला त्याला पुरणपोळी वाढायला सांगितलं, आणि त्याला म्हटलं, "कमी बोलत जाय, गोविंदा."

पुढे तो पुष्कळ वर्षं जगला. कमीच बोलला.