दोन सीटांची धास्ती

जुनी गाडी घरात आली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तसे ते धरतात, आणि मग उन्हाळा आला तरी जात नाहीत! आमच्या सुरतेच्या मंडळींत लग्न असो की तेरावं, चहा फिरला की कुणीतरी म्हणतंच, "दिनू, अण्णांच्या कुपेचं सांग ना." मी सांगतो, लोक पोट धरून हसतात. पण खरं सांगू? त्या काळात आमच्यापैकी कुणी हसत नव्हतं. त्या गाडीला आम्ही सगळे टरकून होतो.

अण्णा म्हणजे त्र्यंबक बोरसे. अमळनेरकडचे. पांडेसऱ्याला तेव्हा कपडा रंगवायची प्रोसेस हाऊस नवी नवी निघत होती, त्यातल्या एकात ते डाइंग मास्तर होते. मी तिथंच फिटर. फिटर असूनही बॉयलरची शिट्टी झाली की दचकणारा! तिसरा लोटन पाटील, फोल्डिंग खात्यातला, देहानं दोघांचा आणि काळजानं अर्ध्याचा. आणि उधना दरवाज्याचे कांतिभाई मिस्त्री. त्यांना गाडीची अजिबात भीती वाटत नसे, कारण ते ती फक्त दुरुस्त करत, तिच्यात बसत नसत.

राहिल्या वहिनी, म्हणजे अण्णांची बायको. त्यांच्याबद्दल पुढं येईलच, कारण हे सगळं खरं म्हणजे त्यांच्याच भीतीचं पुराण आहे.

*

गाडी सापडली नानपुऱ्यात, एका पारशी विधवा बाईंच्या परसात. युद्धाच्या आधीची विलायती स्पोर्ट्स कुपे. लांबलचक नाक, टोपीसारखं डोक्यावर बसणारं बुटकं छप्पर, आणि आत दोनच सीटा. त्यांतल्या एकीवर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

अण्णा गाडीभोवती फिरत होते आणि मी बाईंना विचारलं, "बाई, एवढी छान गाडी देऊन का टाकताय?"

बाई म्हणाल्या, "लई जा, दीकरा, लई जा! मारा धणीने आ गाडीए बे वार ऊंधो नाख्यो!"

नवऱ्याला दोनदा उलथा पाडला होता गाडीनं! मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुललेला!

"ऐकलंस दिनू? दोनदा उलटली, तरी चासीचा सांगाडा सरळ आहे!"

*

बैलगाडीमागं बांधून कुपे कतारगामला आमच्या चाळीत आणली. वहिनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला बाहेर आल्या आणि तशाच थबकल्या. घरात त्यांची अहिराणी चालायची, मी इथं जमेल तशी मराठीत सांगतो.

"भाऊजी, हिच्यात सीटा किती?"

"दोन, वहिनी."

"म्हणजे आम्ही दोघं बसलो आणि काही झालं, तर दोघंही जाणार. मग माझी लता कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

लता त्यांची एकुलती एक पोर, तेव्हा शाळेत जाणारी. वहिनींनी भाकरीचा तुकडा दूर फेकला आणि अण्णांना सगळ्या चाळीदेखत ठणकावलं, "तुम्हाला बसायचं तर बसा. मी बसणार नाही. आईबापांतलं एक तरी उरलं पाहिजे!"

अण्णा हसले. मी नाही हसलो. मला हिशेब बरोबर वाटला. आणि वहिनी बसणार नसतील तर त्या दुसऱ्या सीटवर कोण बसणार, हा विचार येताच मी दोन पावलं मागं सरलो.

*

आम्हा प्रोसेसवाल्यांचा एकच देव, कॉस्टिक सोडा. कपड्याची खळ काढायची, कॉस्टिक. लोखंडी रोलरचा मळ काढायचा, कॉस्टिक. तेव्हा गाडीचा जुना रंग काढायला अण्णांना दुसरं काय सुचणार? "खरवडत कोण बसतो? दार सोडव आणि टाकीत टाक!"

मी डावं दार सोडवलं. लोटननं आणि मी ते कारखान्यातल्या कॉस्टिकच्या गरम टाकीत साखळीनं सोडलं आणि कौतुकानं बघत उभे राहिलो.

टाकी उकळायला लागली. वाफेचा व्हॉल्व्ह बंद होता, तरी उकळायला लागली! फेस वर आला, काठावरून सांडला, फसफस अशी की आत कुणी जिवंत आहे. धूर नाकात गेला आणि सगळं खातं खोकत बाहेर पळालं. लोटन सर्वांच्या पुढं. तो गेटवरही थांबला नाही, थेट उधन्याच्या रस्त्याला लागला.

फेस शांत झाल्यावर अण्णांनी साखळी ओढली. वर आली ती लाकडी चौकट, दोन बिजागऱ्या आणि एक कुलूप.

"अण्णा," मी विचारलं, "रंग निघाला?"

"निघाला."

"आणि दार?"

"तेही निघालं."

पत्रा ॲल्युमिनियमचा होता हो! लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही, ॲल्युमिनियम मात्र खाऊन टाकतं. जन्मभर लोखंड धुतलेल्या माणसांच्या डोक्यात हे आलंच नाही. घरी कळलं तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, "अंगावर उडालं असतं तर?"

*

नवं दार भांडी ठोकणाऱ्या कंसाऱ्याकडून बनवून घेतलं. त्यानं जीव ओतला, पण हात पडला पातेल्याचा! दाराला मध्ये चांगलंच पोट आलं आणि कडी नीट बसेना. त्यात ह्या गाडीची दारं उलटी. बिजागरी मागं, कडी पुढं. म्हणजे चालत्या गाडीत कडी निसटली, की दार उघडायचं काम वारा करतो.

हे आम्हाला तापीवरच्या होप पुलावर कळलं. रांदेरकडे निघालेले अण्णा, शेजारी लोटन. मी मागून स्कूटरवर. पुलाच्या मधोमध कडी निसटली, दार पंख्यासारखं उघडलं, आणि दाराची मूठ घट्ट धरून बसलेला लोटन त्याच्याबरोबर निम्मा बाहेर गेला! मूठ सोडावी तर पडणार, धरावी तर लोंबकळणार. त्याची किंकाळी मला स्कूटरच्या आवाजात ऐकू आली.

"अण्णाऽऽ! खाल तापी दखाय ऱ्हायनी!" खाली तापी दिसत होती त्याला!

लोटन नंतर सांगायचा, अण्णा समोरची नजर न हलवता म्हणाले, "मंग देख ना! वरडस काब्र?" ओरडतोस कशाला म्हणे!

त्यानंतर जो कुणी डाव्या सीटवर बसे, त्याला अण्णा दोरीनं सीटला बांधत. दार मात्र तसंच राहिलं.

*

लोटननं त्या दिवशी गाडीला कायमचा नमस्कार केला. सीट माझ्याकडे आली. बांधलेल्या अवस्थेत मी डुमसच्या रस्त्यावर झाडं सपासप मागं जाताना बघत होतो.

"अण्णा, स्पीड किती असेल?"

"मीटर चालत नाही."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"तुझ्या तोंडाकडे बघून!"

*

गाडी बाहेर निघायची म्हटलं की वहिनी मीठ-मोहऱ्या घेऊन हजर. अण्णांवरून तीनदा उतरवायच्या, मग गाडीवरून, आणि नेऊन चुलीत टाकायच्या. तडतडल्या म्हणजे दृष्ट निघाली. एकदा मुकाट्यानं जळाल्या, तर वहिनींनी अण्णांचे जोडे लपवले. मास्तर त्या दिवशी स्लिपर घालून बसनं कामावर आले!

पुढं चूल गेली आणि स्टोव्ह आला. स्टोव्हवर मोहऱ्या टाकून बर्नर तुंबायला लागला. वहिनींनी विचार केला, दृष्ट तर गाडीची आहे, मग आगही गाडीचीच का नको? मागची नळी तर तापतेच! झालं. रोजच्या मीठ-मोहऱ्या त्या गुपचूप सायलेन्सरच्या नळीत सोडू लागल्या.

एका रविवारी गाडी काही केल्या चालू होईना. कांतिभाई आले, इंजिन तपासलं, म्हणाले, "अण्णा, आम तो बधुं बराबर छे." म्हणजे सगळं ठीक. मग ते गाडीच्या मागं जाऊन वाकले आणि म्हणाले, "मारो सेल!"

अण्णांनी सेल मारला.

तोफ उडाली! आख्खी चाळ ओट्यावर आली. कांतिभाई पांढऱ्या लेंग्यानिशी जमिनीवर आडवे, अंगभर काळे ठिपके. मला वाटलं, माणूस गेला. मी धावलो. कांतिभाईंनी एक डोळा उघडला, मिशीवरचा दाणा चिमटीत धरून बघितला आणि क्षीण आवाजात विचारलं, "राई?"

वहिनी दारातून आनंदानं ओरडल्या, "तडतडल्या! तडतडल्या!"

*

तापीला पूर आला त्या दिवसाचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण तो गाळूनही चालत नाही.

पाणी सकाळी गल्लीत शिरलं आणि बघता बघता खालच्या खोल्यांच्या खिडक्यांना लागलं. आम्ही सगळे वरच्या गॅलरीत. वहिनींनी लताचा हात असा धरलेला की पोरीची बोटं पांढरी पडली होती. कुपे खाली लिंबाला दोरखंडानं बांधलेली, म्हशीसारखी. आणि अण्णा कुठंच दिसेनात.

दिसले ते छातीइतक्या पाण्यात! बॉनेट उघडून, वाकून काहीतरी सोडवत होते. वहिनी ओरडल्या, आम्ही ओरडलो. एक लाकडाचा ओंडका अण्णांच्या खांद्याला घासून गेला. वहिनींचा आवाजच बंद झाला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तसं तोंड मी आयुष्यात परत बघितलं नाही.

अण्णा जिना चढून वर आले. डोक्यावर टॉवेलात गुंडाळलेला मॅग्नेटो. इंजिनाला ठिणगी देणारा तो डबा, इथं कुठं मिळत नसे. दात वाजत होते, तरी म्हणाले, "वाचला!"

वहिनींनी लताचा धरलेला हात वर करून दाखवला. मग म्हणाल्या, "मी लेकीचा हात धरून वर आले. तुम्ही लोखंडाचा धरून आलात."

मॅग्नेटोतून पाणी गळत होतं, तेवढाच आवाज.

*

आणि आता शेवटचा.

वर्षं गेली. गाडी पुरातून पुन्हा उभी राहिली, रंग चढला. दार पोटासकट चमकू लागलं. लता मोठी झाली, भेस्तानला तिचं लग्न झालं, आणि तिच्या धाकट्याचं बारसं निघालं. वहिनींसाठी सांगून ठेवलेला टांगा आलाच नाही, घोडा लंगडत होता म्हणे. वहिनी नवं लुगडं नेसून, कुंची-झबल्याचं ताट मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेल्या. ऊन चढत चाललेलं.

अण्णा चाचरत म्हणाले, "कुपे आहे."

मला वाटलं, आता भडका उडणार! वहिनींनी रिकाम्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग उठल्या.

"लतेचं घर आता भरलंय. नवरा आहे, सासू आहे, दोन लेकरं आहेत. आता आपण दोघं बसलो तरी चालेल."

त्या बसल्या. अण्णांनी दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. लोटन आणि मी स्कूटरवर मागं निघालो. लोटन माझ्या पाठीला चिकटून रामरक्षा म्हणत होता.

उधना गेलं. भेस्तानच्या अलीकडं रेल्वेचं फाटक बंद दिसलं. पुढं ट्रक, बैलगाड्या, सायकली यांची रांग. आगगाडीचा धूर लांबवर दिसत होता, एक्स्प्रेस येत होती.

कुपे हळू होईना.

मला वाटलं, होईल आता. मग वाटलं, आता तरी होईल. अण्णांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि वरखाली वरखाली, वेड्यासारखा हलला. मग इंजिन केकाटलं, त्यांनी मोठा गियर सोडून लहान टाकला होता. कुपे रांगेतून डावीकडं निघाली, खडीच्या ढिगावर चढली, उतरली, बैलांच्या शिंगांना चाटून गेली, बाभळीची फांदी घेऊन पुन्हा रस्त्यावर आली आणि आणखी पुढंच चालली. लोटनची रामरक्षा थांबली. मी डोळे मिटले असते, पण स्कूटर चालवत होतो.

कुपेचं लांब नाक फाटकाच्या आडव्या दांड्याखाली शिरलं. दांडा काचेला टेकला. गाडी थांबली. आणि त्याच क्षणी नाकासमोरून एक्स्प्रेस धडधडत गेली.

मी स्कूटर टाकून धावलो. अण्णांचे डोळे समोर लागलेले, दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्या, शर्ट घामानं चिंब. आगगाडीच्या धडधडाटात त्यांचे ओठ हलले. मी कान लावला.

"दिनू, ब्रेकची केबल तुटली. ब्रेक नाही. हँडब्रेकही नाही."

मी पलीकडं वहिनींकडे बघितलं. ताट मांडीवर जिथल्या तिथं. कुंचीसुद्धा हलली नव्हती. चेहरा असा प्रसन्न, की मी त्यांना ओळखलंच नाही!

"भाऊजी, तुम्ही सगळ्यांनी उगाच भिववलं हो मला इतकी वर्षं! बघितलं ना? एवढी मोठी रांग, पण यांनी कशी बाजूबाजूनं काढून थेट पहिला नंबर लावला! आणि थांबवली कशी, अगदी अलगद!"

लोटन खडीवर मटकन बसला. मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

फाटक उघडलं. मागून ट्रकवाल्यांनी हॉर्न सुरू केले. अण्णांच्या मुठी सुटेनात.

वहिनींनी पदर नीट केला, ताट सावरलं, आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"चला ना! आता तुम्ही कशाला भिताय?"