वरचा ग्रेड

शबानाभाभींचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. “भाऊजी, ते गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. सलीमला जाऊन आता दीड महिना झाला.

आष्टीच्या बाजारात त्याचा फळांचा गाडा होता. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. कानाखाली सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा “दुखत न्हाई, मग कशाला दाखवू रं?” म्हणत त्यानं वर्ष काढलं. पुढं डावा गाल सैल पडायला लागला, तेव्हा मीच त्याला संभाजीनगरला नेलं. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट मिळाला त्या वेळी डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. सलीमनं इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. “हाय ग्रेड लिव्हलंय. म्हंजे वरचा माल!” तिथूनच त्यानं भाभींना फोन लावला.

डॉक्टर आले, त्यांनी समोर बसवून सांगितलं. पेशी मूळच्या रूपापासून जितक्या बिघडलेल्या, तितका ग्रेड वरचा. खालच्या ग्रेडची गाठ सावकाश वाढते, माणसं वर्षानुवर्षं जगतात. वरच्या ग्रेडची झपाट्यानं पसरते, काढली तरी उलटू शकते.

“म्हंजे समदं उलटं हाय,” सलीम म्हणाला. परतीच्या एसटीत तो एकदाच बोलला, “शबानाला तू सांग. ती लई खूश झालीय.”

घरी भाभींनी शेवया करून ठेवल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण भाऊजी, ‘हाय’ लिव्हलंय ना?”

ऑपरेशन झालं. चेहऱ्याची नस गाठीतच गुंतलेली, ती कापावी लागली. डावा डोळा मिटेना, ओठ लोंबला, बोलणं नीट फुटेना. रेडिएशन घेऊन तो पुन्हा गाड्यावर उभा राहिला. पण जुनी गिऱ्हाइकंही नजर चुकवून पुढं जायची. त्यानं गाडा बंद केला. काही महिन्यांतच आजार फुप्फुसात उतरला. “आता घरीच ठेवा,” डॉक्टर म्हणाले.

शेवटी शेवटी तो डावी बाजू भिंतीला लावूनच बसायचा; समोरच्याला चांगली बाजू दिसावी म्हणून. परवा त्यांच्या घरी गेलो, तर भाभी चहा घेऊन आल्या, सवयीनं त्याच भिंतीपाशी वाकल्या, कप खाली ठेवला… मग तोच उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.