धाब्यावरची हाक

जुनी घरं जपून ठेवलेलं ते गाव मी आधी कॉलेजच्या सहलीत पाहिलं होतं. पडायला आलेली घरं ठिकठिकाणाहून उतरवून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्यातलं एक मातीच्या सपाट छताचं, आमच्याकडच्यासारखं धाब्याचं होतं. मायला इथे आणावं, असं तेव्हाच वाटलं. पण आणावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं.

मायची थोरली बहीण पोळ्याच्या सुमारास गेली. आम्ही सगळेच तिला अक्का म्हणायचो. दोघी बहिणी यावलजवळच्या आमच्या गावात एकाच गल्लीत दिलेल्या, भिंतीला भिंत लागून. धाबीही जोडलेली. चुलीचा धूर जायला छताला मडक्याच्या तोंडाएवढं भोक असायचं. संध्याकाळी वाळवण गोळा करायला माय वर गेली, की अक्काच्या घरावरच्या भोकाशी वाकायची. "अक्का, काय रांधं व?" खालून धुरातून उत्तर यायचं, "तुले आवडस तेच. भांडं आन." मी लहान होते, पण ते आठवतं. पुढे दोन्ही घरं पाडून स्लॅबची झाली आणि ही हाक थांबली.

अक्का गेली तेव्हा माय रडली नाही. त्यानंतरही नाही. केळीच्या बागेत कामाला जायची, विचारलं तेवढं बोलायची, ताटातलं अर्धं ठेवून उठायची. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, हिला एकदा रडू दे, पोरी. ते कसं करायचं असतं, मला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी माय आणि वडिलांना त्या जुन्या घरांच्या गावी घेऊन गेले. वडिलांना मी नाना म्हणते. धाब्याच्या घराच्या दारातच नाना म्हणाले, "सोतानं धाबं पाडं, आनि आते तिकीट काढीसन लोकस्नं धाबं देखाले उनूत!" तिथला राखणदार हसला. माय हसली नाही.

आत चूल होती, सारवलेली, स्वच्छ. मायने वरच्या लाकडावरून बोट फिरवलं आणि पाहिलं. काजळी नव्हती. ती बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेली. मी चुलीपाशीच थांबले. छताच्या भोकातून जमिनीवर उन्हाचा गोल पडला होता. त्यात सावली आली.

"अक्का, काय रांधं व?"

आवाज अगदी पूर्वीचा होता. शेजारी फोटो काढणाऱ्या दोन मुली वर बघून हसल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला असावा. नानांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला पाठ होतं. ते द्यावं, असं एकदा वाटलं. पण अक्काचे शब्द माझ्या तोंडून आले असते, तर मायला ते बरं वाटलं असतं की वाईट, मला अजूनही कळत नाही.

मी एवढंच म्हणाले, "माय, मी शे."

सावली हलली नाही. थोड्या वेळाने उन्हाच्या त्या गोलात सारवलेल्या जमिनीवर एक ओला ठिपका दिसला. मग आणखी एक. मग वरून मोठ्याने हुंदका आला. मुली बाहेर गेल्या. नाना वर चढले. राखणदार लगबगीने आला. तोंडाला पदर लावलेल्या मायला भोकातून पाहून तो तसाच माझ्याजवळ उभा राहिला.

माय खाली आल्यावर त्याने तिला माठातलं पाणी दिलं. "काय झालं, अक्का?" त्याने विचारलं. आपल्याकडे कुणाही मोठ्या बाईला विचारतात, तसंच. ते ऐकून ती पुन्हा रडली. मग तांब्या परत देत म्हणाली, "घर चांगलं शे, भाऊ. पन खाले कोनीच नही."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली. मी तिला थांबवलं नाही.