कोणत्या महिन्याचा काठ?

शेवंताबाई आधी माणसाच्या चपला बघायच्या, मग तोंड. चपला कोरड्या असल्या की नदीबद्दल त्याचं काही ऐकायची त्यांना गरज वाटत नसे. वर्धा नदीला लागून त्यांची वाडी होती. वांगी, टरबुजं आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून त्या गावात विकत. आमच्या साहेबांचे बूट तर चकचकीत होते.

अमरावतीहून आम्ही नदीच्या काठापासून ठरलेलं अंतर सोडून अंगणवाडीची जागा मोजायला गेलो होतो. चैत्र महिना, नदी पार आटलेली. साहेबांनी जमलेल्या बायकांना बजावून सांगितलं, की पाणी संपतं आणि जमीन सुरू होते तो काठ, टेप तिथूनच धरायची. स्वतःच्या व्याख्येवर ते फारच खूश दिसले.

"कोन्त्या महिन्याचा काठ, साहेब?" शेवंताबाईंनी विचारलं.

साहेब हसले. त्यांच्या नकाशात काठाची एकच रेघ होती. बाई मात्र महिना जोडल्याशिवाय हा शब्द उच्चारत नसत. चैताच्या काठाशी त्यांची टरबुजं, भादव्याच्या काठाच्या वर त्यांचं घर. त्यांची नात ह्याच अंगणवाडीत बसणार होती, म्हणून त्या तासभर भांडल्या. बाभळीच्या बुंध्यावर चढलेली गाळाची खूण दाखवली. साहेब तिथवर गेलेसुद्धा नाहीत, बुटांना धूळ लागली असती.

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. सकाळी बाईंनी पाणी दिलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की मी अकोल्याकडचा, पूर्णेच्या काठी वाढलेला. त्या खुणेचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. मी मान खाली घालून आकडा सांगितला.

पुढच्या वर्षी भादव्यात अंगणवाडीच्या खिडकीपर्यंत पाणी चढलं. सगळी पोरं शेवंताबाईंच्या ओसरीवर होती. आभाळ बघून त्यांनी सकाळीच उचलून आणली होती. आम्ही धावत पोचलो. नदीनं काठ सोडला, असं साहेब ज्याला त्याला सांगत होते.

"नदीनं काई नाई सोडलं. भादव्याच्या काठापर्यंतच आली ते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या चिंब चपलांकडे पाहिलं. "साहेबाले समजत नोतं. तुले तं समजत होतं नं? काहून चूप रायला?"

शेवंताबाई मागच्या वर्षी गेल्या. आता मोजणीच्या कागदावर काठ लिहिला, की मी शेजारी महिना लिहितो. नवी मंडळी मला अनुभवी म्हणतात. हे मला त्या चैत्रातही येत होतं, हे त्यांना सांगायची माझी अजून छाती होत नाही.