हाली रुपयाएवढा चेहरा

निजामाच्या अमलात आम्ही परभणीत राहायचो, तेव्हा शेजारी तहसिलीतल्या पेशकारांची बायको होती. दिसायला साधीच. बोलताबोलता समोरच्या बाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि एक डोळा मिटून बघायची.

एकदा तिनं मला स्वतःचा चेहरा दाखवला. आरशात बघून तिनंच तो निजामाच्या हाली रुपयाएवढ्या हस्तिदंताच्या चकतीवर रंगवला होता. केस मोकळे, पदर ढळलेला, नजर थेट. "आमचे हे दौऱ्यावर जाताना हा शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवतात," ती म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना विचारलं, "मी कशी दिसते हो?"

"दिसायला काय, बरी हाईस की," ते वर न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "वैनी, माझंबी एक काढून द्या."

"मी काढलं तर ते माझ्या नजरेचं हुईल. तुमचं तुमीच काढा." तिनं कागद, कुंचला आणि आरसा माझ्यापुढं ठेवला.

मी आधी कुंकू काढलं. ते छान गोल आलं. मग डोळ्यांसाठी आरशात बघितलं, आणि लगेच दाराकडे, कुणी येत तर नाही ना म्हणून.

"कुणाला भ्यायलात, वैनी?" तिनं सहज विचारलं.

ही बाई दार सताड उघडं ठेवून, केस सोडून, तासन्‌तास स्वतःकडे बघत बसली असेल, या विचारानं माझा नुसता जळफळाट झाला.