पुढचा ब्रेक आणि जावईबापू

आमचा दादा चिडला की गॅरेजमधले पाने-पकडीसुद्धा अंग चोरून बसतात, असं वहिनी म्हणते. मोटारसायकली दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि त्यातलं निम्मं लोकांना झापण्यात. हात चांगला म्हणून सगळे ऐकून घेतात. मला याचाच संताप येतो.

त्या दिवशी त्याची लेक, माझी भाची, गाडी ढकलतच घेऊन आली. रक्ताचे नमुने दवाखान्यातून प्रयोगशाळेत पोचवायचं तिचं काम. उतारावर पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना. रस्ता ओलांडणारी एक बाई थोडक्यात वाचली होती. जावईही मागोमाग धावत आले. दादाने आव पाहिला ना ताव, जावयावरच तोंड सोडलं. गाडी दर आठवड्याला धुता की बुडवता, ब्रेकमध्ये पाणी घातलंत, बायकोच्या जिवाशी खेळता, असं काय काय, तेही शेजारच्या दुकानदारांदेखत. जावई लालबुंद झाले आणि आल्या पावली निघून गेले.

मग स्वारी कामाला लागली. ब्रेकचा लिव्हर दाबून पाहिला. तो टणक होता, म्हणजे नळीत हवा शिरली नव्हती. ब्रेक ऑइलही स्वच्छ, पुरेसं. शेवटी त्याने चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून धरणारे पॅड काढले. झिजलेले नव्हते, पण काळे आणि तुकतुकीत झाले होते. दादाने एक नाकाशी नेला, मग दुसराही.

"कसला वास आहे?" भाचीने विचारलं.

"चेनच्या तेलाचा."

"परवा चेनला तेल तुम्हीच दिलंत, बाबा. आणि त्याच फडक्याने डिस्क पुसलीत. चकाचक केल्याशिवाय तुम्ही गाडी सोडता कुठे?"

इतक्या वर्षांचा मिस्तरी, आणि लाडाच्या लेकीची डिस्क तेलकट फडक्याने पुसतो! माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून गिळलं.

त्याने हात साबणाने धुतले, डिस्क स्पिरिटने पुसली, नवे पॅड बसवले. गल्लीत हळूहळू चालवत, पुन्हा पुन्हा ब्रेक मारत, पॅड नीट पकडेपर्यंत फेऱ्या घातल्या. मग स्टुलावर टेकून किल्ली पुढे केली. भाचीने ती घेतली नाही.

"आधी यांना फोन करा. सगळ्यांदेखत बोललात ना? आता सगळ्यांदेखतच करा."

दादाने फोन लावला. आवाज खेकसल्यासारखाच. "जावईबापू, तेल माझ्या फडक्याचं होतं. तुमची काही चूक नव्हती. मी उगाच बोललो." मग पलीकडचं ऐकून घेऊन फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ती फार घाबरली असेल, आधी तिला जरा बसवा, म्हणाले."

गॅरेजमध्ये स्टूल एकच. दादा त्यावरून उठला. पोर आल्यापासून उभीच होती.